तीस अर्ज, दोन नकार, बाकी सामसूम: परदेशात इंग्रजी शिकवण्यासाठी कव्हर लेटर

प्रश्न थोडक्यात असा आहे: सहा वर्षं शाळेत इंग्रजी शिकवल्याचा अनुभव, गेल्या वर्षी पूर्ण केलेला सेल्टा (इंग्रजी शिकवण्याचा केंब्रिजचा प्रमाणपत्र कोर्स), आणि चार महिन्यांत वेगवेगळ्या देशांत पाठवलेले तीसहून जास्त अर्ज. दोन ठिकाणांहून साच्यातला नकार आला, बाकीच्यांनी पोचसुद्धा दिली नाही. प्रश्नासोबत कव्हर लेटर जोडलं आहे आणि विचारलं आहे की यात नेमकं काय चुकतंय, आणि एखादा चांगला नमुना मिळेल का.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. इंग्रजी स्वच्छ आहे, व्याकरणाची चूक एकही सापडली नाही. तरीही नेमणुकीचं काम माझ्याकडे असतं तर मी ते बाजूला ठेवून पुढचा अर्ज उघडला असता. कारण पत्र संपलं तरी मला हव्या असलेल्या तीन गोष्टींचा पत्ता लागला नाही. तुम्हाला आमच्या देशात कामाचा परवाना मिळेल का? आमच्या कुठल्या वर्गावर तुम्हाला पाठवता येईल? आणि करार संपेपर्यंत तुम्ही टिकाल का? त्याऐवजी मला कळलं की तुम्हाला लहानपणापासून इंग्रजीची ओढ आहे, तुम्ही मेहनती आहात आणि नव्या संस्कृतींबद्दल तुम्हाला कुतूहल आहे. हे खरं असणारच. पण अर्ज करणाऱ्या प्रत्येकाला तेच वाटत असतं.

हे मी कुठून बोलतेय ते सांगते. या व्यवसायात मला अठरा वर्षं झाली. त्यातली बारा परदेशात गेली आणि त्यातली शेवटची सात मी एका खासगी भाषासंस्थेत अकॅडेमिक मॅनेजर होते. म्हणजे वेळापत्रक लावायचं, शिक्षकांचे तास बघायचे, आणि कोणी सोडून गेलं की अर्ज चाळायचे. हंगामात एका जागेला पन्नास-साठ अर्ज सहज यायचे. ते निवांत बसून कोणी वाचत नाही. दोन तासांच्या मधल्या मोकळ्या वेळात वाचले जातात, पहिल्या फेरीत एकेका पत्राला जेमतेम मिनिटभर मिळतं. तेव्हा माझं म्हणणं भाषासंस्थांना जास्त लागू आहे. आंतरराष्ट्रीय शाळा आणि विद्यापीठं थोडी वेगळी चालतात, त्याबद्दल पुढे बोलते.

आधी एक कटू गोष्ट. तीसपैकी काही अर्ज पत्र उघडण्याआधीच बाद झाले असणार, आणि त्यात पत्राचा काही दोष नाही. दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवण्यासाठी लागणारा ई-2 व्हिसा, थोडे अपवाद सोडले तर, सातच देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. दुसरा कुठलाही पासपोर्ट असेल तर तिथल्या संस्थेला तुम्ही कितीही आवडलात तरी तिचे हात बांधलेले असतात. चीनमध्येही इंग्रजी शिकवण्याच्या परवान्यासाठी पासपोर्ट बघितला जातो. शिवाय 2021 च्या जुलैमध्ये तिथल्या सरकारने शालेय विषयांच्या खासगी शिकवण्यांवर कडक निर्बंध आणले आणि मोठमोठ्या शिकवणी कंपन्यांचा धंदा बसला. 'चीनमध्ये जा, तिथे कोणालाही घेतात' हा सल्ला त्याच्या आधीचा आहे, तो विसरा.

जपानचं उदाहरण मात्र मुद्दाम देते, कारण त्याचा पत्राशी थेट संबंध आहे. तिथल्या शाळांमध्ये परकी भाषा शिकवायला जो इन्स्ट्रक्टर व्हिसा लागतो, त्यासाठी ती भाषा माध्यम असलेलं किमान 12 वर्षांचं शिक्षण मागतात. तुमचं सगळं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालं असेल तर ते पत्राच्या पहिल्या परिच्छेदात यायला हवं. सीव्हीच्या दुसऱ्या पानावरच्या शाळेच्या नावावरून वाचणाऱ्याने ते ताडावं, अशी अपेक्षा ठेवू नका. हाँगकाँगच्या सरकारी शाळांमध्ये 1998 मध्ये सुरू झालेल्या योजनेच्या नावातच 'मातृभाषक इंग्रजी शिक्षक' असे शब्द आहेत, आणि ते नाव वाचूनच अनेक जण माघारी फिरतात. पण तिच्या व्याख्येत मातृभाषकाच्या तोडीचं प्रभुत्व असलेलेही बसतात. सांगायचं काय, तर पत्र लिहायला बसण्याआधी त्या देशाचा नियम त्याच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर वाचा. नियम बदलत असतात, त्यामुळे माझ्यावरही विसंबू नका. तीसची यादी कदाचित बारावर येईल. हरकत नाही. त्या बारांना नीट वेळ देता येईल.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य. दुसऱ्या परिच्छेदाची सुरुवात अशी आहे की 'इंग्रजी माझी मातृभाषा नसली तरी मी ती अस्खलित बोलते'. हे काढा. असली वाक्यं मी शेकड्यांनी वाचली आहेत आणि दर वेळी तोच परिणाम होतो. तोवर माझ्या मनात नसलेली शंका अर्जदार स्वतःच्या हाताने आणून ठेवतो. या व्यवसायात मातृभाषक आणि इतर असा भेदभाव आहेच, नाही म्हणण्यात अर्थ नाही. टेसॉल या शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला 2006 मध्ये त्याविरुद्ध जाहीर निवेदन काढावं लागलं, यावरूनच कल्पना करा. पण त्या भेदभावाशी कव्हर लेटरमध्ये भांडायचं नाही आणि त्याची माफीही मागायची नाही. ज्या संस्थेला फक्त पासपोर्ट बघायचा आहे ती कुठल्याही वाक्याने बधणार नाही, आणि जिला शिकवणं बघायचं आहे तिला ते वाक्य नको आहे. तुमच्याकडे सी-2, म्हणजे सर्वांत वरच्या, पातळीचं प्रमाणपत्र किंवा आयेल्ट्सचा चांगला स्कोअर असेल तर तो आकड्यासह एका ओळीत द्या आणि पुढे चला.

संस्था कुठल्या प्रकारची आहे यावर पत्राचं वजन बदलतं. मुलांना शाळा सुटल्यावर शिकवणाऱ्या भाषासंस्थेला संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी काम करणारा माणूस लागतो. 'संध्याकाळ आणि शनिवार-रविवारचं वेळापत्रक मला चालेल' एवढं एक वाक्य तिथे तुमच्या पदवीपेक्षा जास्त काम करतं. आंतरराष्ट्रीय शाळांना शिक्षक म्हणून अधिकृत पात्रता आणि त्यांच्या अभ्यासक्रमाची ओळख हवी असते. नुसत्या सेल्टावर तिथे भागत नाही. विद्यापीठांच्या पायाभूत अभ्यासक्रमांना बहुतेक वेळा एम.ए. आणि शैक्षणिक लेखन शिकवल्याचा अनुभव लागतो. सरकारी सहायक शिक्षकांच्या योजनांमध्ये, म्हणजे जपानच्या 1987 पासून चालू असलेल्या जेटसारख्या ठिकाणी, कव्हर लेटर नसतंच. तिथे उद्देशपत्र मागतात, आणि काम तिथल्या शिक्षकाच्या जोडीने वर्गात उभं राहण्याचं असल्यामुळे 'मी एकहाती वर्ग बदलून टाकला' हा सूर तिथे उलटा पडतो.

तुमच्या बाबतीत एक गोष्ट खास जमून आली आहे आणि ती तुम्ही पत्रात वाया घालवली आहे. सेल्टा हा मुळात प्रौढांना शिकवण्याचा कोर्स. त्यात किमान सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवावं लागतं आणि ट्यूटर मागे बसून टिपणं काढतात. नेमणारे हे जाणून असतात, म्हणूनच घरबसल्या केलेल्या 120 तासांच्या ऑनलाइन टेफलपेक्षा (परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याच्या कोर्सपेक्षा) ते त्याला वरचा मान देतात. पण ज्या संस्थेत लहान मुलांचे वर्ग जास्त आहेत, तिचा अनुभव असा असतो की सेल्टा करून आलेला नवा शिक्षक आठ वर्षांच्या मुलांसमोर गडबडतो. तुमच्याकडे सेल्टाही आहे आणि मुलांच्या वर्गाची सहा वर्षंही. ही जोडी पहिल्या दोन वाक्यांत दिसायला हवी होती. तुमच्या पत्रात ती सातव्या आणि अकराव्या ओळीत, एकमेकींपासून लांब बसली आहे.

आता मधल्या परिच्छेदाकडे येते, कारण पत्र तिथे तरतं किंवा बुडतं. तुमचा परिच्छेद सांगतो की तुमचे तास विद्यार्थीकेंद्री असतात, वातावरण खेळीमेळीचं असतं आणि तुम्ही खेळ, गाणी व तंत्रज्ञान यांचा वापर करता. यावर नाव बदलून कोणाचंही पत्र पाठवता येईल. गंमत म्हणजे, तुमच्या पत्रापेक्षा चांगला मजकूर तुमच्या प्रश्नात आहे. शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की सातवीच्या 44 मुलांच्या वर्गात चार-पाच जणच बोलायचे, म्हणून तुम्ही जोड्या लावून मुलांना पाठीला पाठ लावून बसवायला सुरुवात केलीत. एकाच्या हातात चित्र, दुसऱ्याच्या हातात कोरा कागद; चित्रवाल्याने सांगायचं, दुसऱ्याने काढायचं. पहिल्या दिवशी सगळी जणं दोन मिनिटांत मातृभाषेवर घसरली आणि आवाज एवढा झाला की शेजारच्या वर्गावरचे शिक्षक दारात आले. मग तुम्ही फळ्यावर सहा वाक्यं लिहून ठेवलीत, 'पुन्हा सांग', 'किती मोठं?', 'कुठल्या बाजूला?' अशी, आणि काम थांबवायची खूण ठरवलीत: तुमचा हात वर गेला की सगळ्यांचे हात वर.

अहो, हेच तर पाहिजे! हे वाचताना मला वर्ग दिसला. वर्गात बोलणाऱ्यांची संख्या वाढवायला काय लागतं ते या बाईला माहीत आहे, पहिला प्रयोग फसल्यावर ती तो टाकून देत नाही, कुठे अडलं ते शोधून दुरुस्त करते, आणि 44 मुलांचा गोंगाट आवरते, हे सगळं एकही विशेषण न वापरता मला समजलं. आमच्याकडच्या वर्गात पंधरा मुलं असायची. जिने 44 सांभाळली तिला पंधरा जड जाणार नाहीत, हा हिशेब वाचणारा आपोआप करतो.

पत्रात हा प्रसंग साधारण असा बसेल. मी आशय मराठीत देते, इंग्रजी तुमचं तुम्ही घडवा, कारण ते तुमच्या आवाजात असणं महत्त्वाचं आहे:

'माझ्या सातवीच्या वर्गात 44 मुलं आहेत. वर्षाच्या सुरुवातीला त्यातली चार-पाचच इंग्रजीत बोलत. मी त्यांना जोडीने चित्राचं वर्णन करण्याचं काम दिलं. पहिला तास फसला, कारण अडल्यावर विचारायला त्यांच्याकडे इंग्रजी वाक्यंच नव्हती. पुढच्या तासाला ती सहा वाक्यं आधी शिकवली, फळ्यावर ठेवली आणि दर आठवड्याला त्यातलं एक पुसत गेले. आता हा तास ती मुलं स्वतः मागतात. तुमच्या जाहिरातीत 9 ते 12 वयोगटाच्या बोलण्याच्या वर्गांचा उल्लेख आहे. तिथे मी याच कामाची छोट्या गटासाठीची आवृत्ती वापरेन.'

दर आठवड्याला वाक्य पुसण्याचा भाग माझ्या पदरचा आहे. तुम्ही तसं केलं नसेल तर लिहू नका. 'मुलं स्वतः मागतात' हेही खरं असेल तरच ठेवा. पत्रातला प्रत्येक तपशील इंटरव्ह्यूमध्ये उलटून येतो. मी नेहमी विचारायचे, 'ज्या जोडीचं चित्र आधी संपलं तिला तुम्ही काय दिलंत?' ज्याने तो तास खरोखर घेतलेला असतो त्याचं उत्तर हसत येतं, बहुधा एखाद्या फजितीसकट. बाकीच्यांची नजर वर छताकडे जाते. याच कारणाने यंत्राकडून लिहून घेतलेली पत्रं मला फारशी भीतीदायक वाटत नाहीत. इंग्रजी तपासून घ्यायला जरूर वापरा. पण तुमच्या वर्गात शेजारचे शिक्षक दारात आले होते हे त्या यंत्राला माहीत नसतं.

टिकण्याबद्दल. भाषासंस्थांना सर्वांत जास्त धास्ती असते ती मध्येच निघून जाणाऱ्यांची. शिक्षक रात्रीतून बॅग उचलतो, सकाळी वर्गात मुलं बसलेली आणि पालकांचे फोन. मी हे तीनदा अनुभवलं आहे, एकदा तर परीक्षेच्या आठवड्यात. परवान्यावर संस्थेने घातलेले पैसे बुडतात ते निराळेच. म्हणून 'मला प्रवासाची आवड आहे' हे वाक्य, जे तुम्हाला मोकळ्या मनाचं लक्षण वाटतं, ते आम्हाला धोक्याची घंटा वाटतं. त्याऐवजी सरळ व्यवहाराचं लिहा: अमुक तारखेपासून रुजू होऊ शकते, वर्षाचा करार मान्य आहे, पदवी आणि सेल्टाची प्रमाणपत्रं अपोस्टिल करून (परदेशात चालावीत म्हणून सरकारी शिक्का घेऊन) तयार आहेत, पोलिसांचा दाखला अमुक महिन्यातला आहे. कागद तयार नसतील तर किती आठवडे लागतील ते लिहा. कोरडं वाटेल, पण परवान्याच्या कागदांत दोन-दोन महिने अडकलेल्या माणसाला ही ओळ फार गोड लागते. त्याच शहरात, त्याच संस्थेत का, याला दोन वाक्यं पुरेत, आणि ती त्यांच्या कामाबद्दल असू द्या. संकेतस्थळावर त्यांनी शिक्षकांच्या प्रशिक्षणाबद्दल किंवा वर्गांच्या रचनेबद्दल काही लिहिलेलं असतं, ते वाचा. तिथल्या समुद्रकिनाऱ्याचं कौतुक नको.

सीव्हीत मध्ये खंड असेल तर तो पत्रात एका ओळीत सांगून टाका: घरच्यांच्या आजारपणासाठी आठ महिने, असं. मुलांसोबतचं काम असेल तिथे बालसुरक्षेच्या नियमांमुळे चांगल्या शाळा प्रत्येक रिकाम्या महिन्याचा हिशेब विचारतात, आणि न सांगितलेला खंड त्यांना उगाच संशयास्पद वाटतो.

बाकी किरकोळ. एक पान, अडीचशे-तीनशे शब्द. संस्था लहान असेल तर ईमेलचा मजकूर हेच पत्र. 'पत्र जोडलं आहे' एवढंच लिहून पीडीएफ लावू नका. विषयाच्या ओळीत पद, शहर आणि रुजू होण्याची तारीख. 'रिस्पेक्टेड सर ऑर मॅडम' आणि 'आय बेग टू अप्लाय' ही जुनी कचेरी इंग्रजी सोडा. अकॅडेमिक मॅनेजरचं नाव बहुतेक वेळा संकेतस्थळावर सापडतं. ब्रिटिश स्पेलिंग घ्या किंवा अमेरिकन, पण सरमिसळ करू नका. इतर नोकऱ्यांत चालून जाईल, इंग्रजीच्या शिक्षकाला नाही. पगाराचा विषय विचारल्याशिवाय काढू नका. पासपोर्टची प्रत पहिल्या ईमेलला जोडू नका, नागरिकत्व लिहिलं की पुरे. आणि नोकरी देण्याआधी 'प्रक्रियेसाठी' पैसे मागणाऱ्याला उत्तरही देऊ नका. फोटोची अपेक्षा आशियातल्या बऱ्याच देशांत असते, ब्रिटन-अमेरिकेत नसते.

आणि पाठवण्याआधी संस्थेचं नाव तीनदा तपासा. मी स्वतः एकदा, चौथ्या वर्षी, एका संस्थेला दुसऱ्याच संस्थेचं नाव घालून तीन परिच्छेद कौतुक पाठवलं होतं. त्यांनी उत्तर पाठवलं, एका ओळीचं: 'तुमचं पत्र आम्ही त्यांच्याकडे पोचवू का?' तेव्हापासून मी नाव शेवटी घालते, बाकी पत्र पूर्ण झाल्यावर, हाताने टाइप करून.

वेळेचंही बघा. चार महिन्यांत तीस अर्ज म्हणता, पण त्यातले किती योग्य हंगामात पडले? जपानचं शालेय वर्ष एप्रिलला सुरू होतं, युरोपातल्या बहुतेक संस्थांचं सप्टेंबर-ऑक्टोबरला. आंतरराष्ट्रीय शाळा ऑगस्टच्या जागा आदल्या हिवाळ्यातच भरायला लागतात. ऑक्टोबरमध्ये शिक्षक सोडून गेला म्हणून अचानक निघालेल्या जागाही असतात, पण तिथे 'दोन आठवड्यांत येते' म्हणणाराच जिंकतो, आणि ज्याच्या परवान्याला दोन महिने लागणार आहेत त्याला ते शक्य नसतं.

नमुना मागितलात, तो मी मुद्दाम पूर्ण देत नाही. वरचा परिच्छेद आहे, त्याच्या आधी दोन-तीन वाक्यांत पद, पात्रतेची ती जोडी आणि नागरिकत्व, त्याच्या नंतर तारीख, कागद आणि वेळापत्रक. एवढं लिहून झालं की यादीतल्या पहिल्या तीन ठिकाणी पाठवा आणि दहा दिवस थांबा. उत्तर नाही आलं तर त्याच ईमेलला जोडून दोन ओळींची आठवण करा, आणि त्यात त्या दहा दिवसांत घडलेली एखादी खरी गोष्ट घाला: पोलिसांचा दाखला आला, किंवा रुजू होण्याची तारीख दोन आठवडे अलीकडे आली. मी ज्यांना दुसऱ्या फेरीत बोलावलं त्यातले बरेच जण अशा आठवणीमुळे हाताशी लागले होते. पहिल्या ईमेलच्या दिवशी मी बहुधा कोणाच्या तरी बदली तासावर उभी असायचे.